यंत्राला शिकविणारी

अमेरिकेच्या न्यू हँपशायर राज्यात एका सरोवराच्या काठी मरे कुटुंबाचे उन्हाळ्यात राहावयाचे घर होते. घरात निजावयाच्या सात खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत गजराचे एकेक घड्याळ होते. एके दिवशी ही सातही घड्याळे जागेवरून नाहीशी झाली. आईने शोध घेतला, तेव्हा तिची सात वर्षांची थोरली मुलगी ग्रेस चाके, कमानी आणि मळसूत्रे ह्यांच्या ढिगाऱ्यात बसलेली आढळली. पहिले घड्याळ तिने उघडले ते आत काय आहे हे पाहण्यासाठी. ते पुन्हा जुळेना, म्हणून कसे जुळवावे हे पाहण्यासाठी दुसरे उघडले. आणि असे करता करता सातही घड्याळांची तीच गत झाली. आईने तिला शिक्षा केली नाही. ह्यापुढे एका वेळी एकच घड्याळ खोलावे, एवढीच ताकीद तिने दिली.

ह्या ग्रेस मरेचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. तिचे आजोबा भूमापनाचे काम करणारे अभियंते होते. मोजणीला जाताना ते नातीला बरोबर नेत आणि तांबडापांढरा दांडा धरून उभे राहण्याचे काम तिला देत. आईला गणिताची फार आवड होती. परंतु तिच्या तरुणपणी मुलींना भूमितीपलीकडचे गणित शिकविणे शोभत नाही, असा समज होता. वडील विम्याच्या व्यवसायात होते. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. संकट कोणावर केव्हा येईल ह्याचा नेम नाही, तेव्हा मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

सोळाव्या वर्षी ग्रेसने वासर ह्या महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली आणि ती लॅटिन भाषेत नापास झाली. एक वर्ष थांबून तिने पुन्हा परीक्षा दिली आणि प्रवेश मिळविला. १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. पुढे येल विद्यापीठात तिने गणिताचा अभ्यास केला आणि १९३४ साली तिला डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात, १९३० साली, व्हिन्सेंट हॉपर ह्या अध्यापकांशी तिचा विवाह झाला. तो संसार पुढे टिकला नाही. आडनाव मात्र कायम राहिले. १९३१ पासून हॉपरबाई वासरमध्येच गणित शिकवू लागल्या. एखाद्या प्राध्यापिकेचे आयुष्य जसे शांतपणे सरते, तसेच त्यांचेही सरले असते. पण १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली.

हॉपरबाईंच्या आईचे आजोबा आरमारात अधिकारी होते. आपणही नौदलात जावे असे बाईंनी ठरविले. परंतु अडचणी एक का दोन होत्या? त्यांचे वय भरतीच्या मानाने अधिक होते. नियमाने जेवढे वजन हवे, त्यापेक्षा त्यांचे वजन पंधरा पौंडांनी कमी होते. शिवाय गणित शिकविणे हे युद्धकाळात अत्यावश्यक काम मानले जात असल्यामुळे सरकार त्यांना सोडावयास तयार नव्हते. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या राखीव दलात त्यांना प्रवेश मिळाला. निम्म्या वयाच्या मुलींबरोबर त्यांनी कवायत केली आणि शिक्षणक्रमात पहिला क्रमांक पटकाविला. एखाद्या जहाजाशी संबंध असलेले काम आपल्याला मिळेल, अशी त्यांची कल्पना होती. मिळाले ते निराळेच. १९४४ च्या जुलैत त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील एका तळघरात झाली.

तेथे हॉवर्ड एकेन ह्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ‘मार्क एक’ नावाचे प्रचंड गणकयंत्र चालू होते. आज आपण ज्याला संगणक म्हणतो, त्याचे ते एक आद्य रूप. लांबी एक्कावन्न फूट, उंची आठ फूट आणि आत साडेसात लाखांवर लहानमोठे भाग! ते चालू असताना विणकामाच्या असंख्य सुया एकदम हलाव्यात तसा आवाज येई. हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करी; एका गुणाकाराला सहा सेकंद घेई आणि भागाकाराला पंधरा सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेई. तुमच्या घरातील साध्या दूरध्वनीतील संगणकही आज ह्याच्या कोट्यवधी पट वेगाने चालतो. पण त्या काळी हातांनी आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या मानाने हा वेग विलक्षण वाटे, आणि यंत्र रात्रंदिवस चालत असे, हा मोठाच लाभ होता.

एकेन हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते. हॉपरबाई हजर होताच त्यांनी यंत्राकडे बोट दाखविले आणि एका त्रिकोणमितीच्या मालिकेचे गुणक आठवड्याच्या आत काढून द्यावयास सांगितले. बाईंनी असले यंत्र पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. रॉबर्ट कँबेल आणि रिचर्ड ब्लॉक ह्या दोन तरुण सहकाऱ्यांनी त्यांना मार्ग दाखविला आणि त्या कामाला लागल्या. तोफेचा गोळा किती दूर जाईल, सुरुंग किती अंतरावर परिणाम करील, ह्यांची कोष्टके नौदलाला तातडीने हवी असत. एक अंक चुकला तर त्याचा परिणाम कोणाच्या तरी प्राणांवर व्हावयाचा. त्याच वर्षी जॉन फॉन नॉयमन हे विख्यात गणिती एक अवघड उदाहरण घेऊन तेथे आले. ते अणुबाँबच्या रचनेसंबंधीचे होते, हे तेथील माणसांना मागाहून समजले.

यंत्राला काम सांगावयाचे म्हणजे काय करावे लागे? प्रत्येक बारीकसारीक क्रियेची आज्ञा आकड्यांच्या खुणांनी लिहावयाची, त्या खुणांप्रमाणे कागदाच्या लांब फितीला भोके पाडावयाची आणि ती फीत यंत्रात घालावयाची. अशा आज्ञांच्या क्रमवार मालिकेला आज्ञावली म्हणतात. काही आकडेमोडी पुन्हा पुन्हा लागत. उदाहरणार्थ, कोनाची ज्या किंवा एखाद्या संख्येचा घातांक काढणे. एकदा बिनचूक ठरलेला असा तुकडा ही मंडळी वहीत टिपून ठेवीत आणि पुढच्या वेळी एकमेकांच्या वहीतून उतरून घेत. येथेच हॉपरबाईंच्या मनात एक विचार रुजला. वहीतील तुकडा शून्य क्रमांकापासून सुरू होई. नव्या आज्ञावलीत तो शंभराव्या जागी बसवावयाचा असला, तर त्यातील प्रत्येक पत्त्यात शंभर मिळवावे लागत. आणि त्यांच्या असे लक्षात आले, की गणितात पारंगत असलेली ही माणसे साधी बेरीज करण्यात आणि पाहून उतरून घेण्यात फार चुका करतात. घाईने लिहिलेल्या ‘बी’ ह्या इंग्रजी अक्षराचे तेरा होत. ह्या चुका शोधण्यात दिवसचे दिवस जात.

१९४७ च्या सप्टेंबरातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ‘मार्क दोन’ हे पुढचे यंत्र एकाएकी बिघडले. तपास केला तेव्हा विजेच्या एका कळीत पतंग अडकून मेलेला सापडला. तेथील लोकांनी तो पतंग कामाच्या नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली त्याची नोंद केली. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याचा प्रघात ह्याच प्रसंगापासून पडला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. तो शब्द अभियंत्यांत पूर्वीपासून रूढ होता, म्हणूनच तर त्या मंडळींना खरा किडा सापडल्याची गंमत वाटली. पतंग हॉपरबाईंनी शोधला असेही नव्हे; पण ही कथा रंगवून सांगावी ती त्यांनीच.

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथे एकर्ट आणि मॉचली ह्यांच्या कंपनीत दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँड ह्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. तेथे ‘युनिव्हॅक’ नावाचे नवे गणकयंत्र तयार होत होते. त्यात हलणाऱ्या कळांऐवजी पाच हजारांवर निर्वात नळ्या होत्या आणि ते सेकंदाला सुमारे एकोणीसशे बेरजा करी. यंत्राचा वेग असा शेकडो पटींनी वाढला. आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाचा वेग मात्र होता तेथेच राहिला. जे उदाहरण यंत्र काही मिनिटांत सोडवी, त्याची आज्ञावली लिहून ती निर्दोष करावयास आठवडेच्या आठवडे लागत.

त्याच कचेरीत बेटी होल्बर्टन ह्या हुशार बाई काम करीत. माहितीची क्रमवार मांडणी करण्याची आज्ञावली यंत्राकडूनच तयार करवून घेण्याची युक्ती त्यांनी काढली होती. ती पाहून हॉपरबाईंना आपल्या जुन्या वह्या आठवल्या. उतरून घेणे आणि पत्त्यांत बेरीज करणे ह्या दोनच गोष्टी माणसाला नीट जमत नाहीत, आणि यंत्र तर ह्याच दोन गोष्टी उत्तम करते. मग वह्यांतील ते तपासलेले तुकडे चुंबकीय फितीवर ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे क्रमांक घालून का ठेवू नयेत? गणित करणाऱ्याने कोणते तुकडे कोणत्या क्रमाने हवेत एवढेच सांगावे. तुकडे शोधणे, जुळविणे आणि पत्ते बदलणे हे यंत्राने करावे. १९५१-५२ मध्ये त्यांनी ‘ए-शून्य’ नावाची अशी आज्ञावली सिद्ध केली. ठिकठिकाणचे तुकडे गोळा करून एकत्र करणारी, म्हणून तिला त्यांनी ‘कंपायलर’ म्हणजे संकलक हे नाव दिले. जाणकार आज सांगतात, की ज्याला आपण आता संकलक म्हणतो, त्याच्या मानाने ‘ए-शून्य’ फारच साधे होते. तयार तुकड्यांची जोडणी एवढेच ते करी. हे म्हणणे बरोबर आहे. पण वाट तेथूनच सुरू झाली.

ह्या कामात एक चमत्कारिक अडचण आली होती. यंत्र फीत वाचीत पुढे जात असे. वाटेत एखाद्या तुकड्याने पुढच्या तुकड्याकडे उडी मारण्याची आज्ञा दिली, तर तो पुढचा तुकडा कोणत्या जागी बसणार आहे, हे अजून कोणालाच ठाऊक नसे. हॉपरबाईंना आपले महाविद्यालयातील बास्केटबॉलचे दिवस आठवले. मुलींच्या नियमांप्रमाणे चेंडू घेऊन फार धावता येत नसे. म्हणून पुढे धावणाऱ्या मैत्रिणीकडे तो आधीच फेकावा लागे. त्यांनी यंत्राच्या स्मृतीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आली, की ती त्या कोपऱ्यात नेऊन सोडावयाची आणि तेथे खूण ठेवावयाची. हवा असलेला तुकडा आपल्या जागी बसला, की खुणेवरून दोहोंची गाठ घालून द्यावयाची.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील एका परिषदेत त्यांनी ह्या विषयावर निबंध वाचला. ‘गणकयंत्राचे शिक्षण’ अशा अर्थाचे त्याला नाव होते. जन्माने शिक्षिका असलेल्या बाईला दुसरे कोणते सुचणार? परंतु त्यांच्या कार्याचे स्वागत थंडपणानेच झाले. गणकयंत्र केवळ अंकगणित करू शकते, ते आज्ञावली लिहिणार कसे, असे काही जण म्हणत. तज्ज्ञांचा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा होता. यंत्राची किंमत दहा लाख डॉलरांहून अधिक. त्याच्या प्रत्येक मिनिटाला मोल. अशा स्थितीत जोडून तयार केलेली आज्ञावली हातांनी लिहिलेल्या आज्ञावलीपेक्षा सावकाश चालणार असेल, तर ती कोणी का वापरावी?

हा आक्षेप नीट समजून घेऊ. बाजारात तयार सदरा मिळतो, तो पुष्कळांना बेताचा होईल अशा मापाचा असतो. शिंप्याने अंगाचे माप घेऊन शिवलेला सदरा अधिक चांगला बसतो, पण त्यासाठी थांबावे लागते. तयार गणिती तुकड्यांचेही असेच आहे. कोणतीही संख्या आली तरी चालावे म्हणून त्यात पुष्कळ तपासण्या ठेवलेल्या असतात. एखाद्या उदाहरणात त्यांतील निम्म्या अनावश्यक असल्या, तरी यंत्र त्या करीतच राहते. हातांनी लिहिणारा कसबी माणूस त्या गाळून टाकतो. म्हणजे आक्षेप घेणारे लोक अडाणी होते, असे म्हणता येणार नाही. हॉपरबाईंचे उत्तर असे होते, की वेळ मोजावयाचा तर सगळाच मोजावा. जे उदाहरण एकदाच सोडवावयाचे आहे, त्यात यंत्राची पाच मिनिटे अधिक गेली आणि माणसाचे तीन आठवडे वाचले, तर लाभ कोणाचा? तेच गणित रोज हजार वेळा करावयाचे असेल, तर मात्र हिशेब निराळा होतो.

१९५३ साली त्यांच्या विभागाने ‘ए-दोन’ हा सुधारलेला संकलक तयार केला. युनिव्हॅक घेणाऱ्यांना तो दिला, तेव्हा त्याची मूळ आज्ञावलीही त्यांच्या हाती दिली आणि सुधारणा सुचल्यास कळवाव्यात, अशी विनंती केली. मूळ दाखविल्यावाचून चुका दुरुस्त व्हायच्या नाहीत, हे त्यांना वह्यांच्या दिवसांपासून ठाऊक होते.

वेगाच्या प्रश्नाचे खणखणीत उत्तर मात्र दुसऱ्या एका कंपनीतून आले. आय.बी.एम.मध्ये जॉन बॅकस ह्या गणित्याच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी तीन वर्षांच्या परिश्रमांनी १९५७ साली ‘फोर्ट्रान’ नावाची भाषा आणि तिचा संकलक सिद्ध केला. बीजगणितासारखी सूत्रे लिहावीत आणि संकलकाने त्यांतून यंत्राच्या आज्ञा घडवाव्यात, अशी ही योजना. हा संकलक केवळ तयार तुकडे जोडीत नसे. कोणती क्रिया पुन्हा पुन्हा होते, कोणती एकदाच करून भागेल, ह्याचा तपास करून तो त्या यंत्राच्या मापाने आज्ञावली बेतीत असे. तिचा वेग हातांनी लिहिलेल्या आज्ञावलीच्या इतका जवळ जाई, की खुद्द बनविणाऱ्यांनाही नवल वाटले. हॉपरबाईंच्या विभागाने ‘मॅथमॅटिक’ नावाची गणिती भाषा काढली होती. वेगात ती फोर्ट्रानच्या मागे पडली. दशांशांची लांबलचक आकडेमोड करण्याची सोय फोर्ट्रानच्या यंत्रातच बसविलेली होती, युनिव्हॅकमध्ये ती नव्हती, हेही त्याचे एक कारण.

हा वाद आजही अगदी मिटलेला नाही. मोठमोठी कोष्टके गुणणाऱ्या गणिती आज्ञावल्या आता दोन प्रकारे मिळतात. एक, आधीच संकलन केलेल्या, घेताच चालणाऱ्या. दुसऱ्या, मूळ रूपात दिलेल्या, ज्यांचे संकलन आपल्या यंत्रावर आपणच करावयाचे. आपल्या यंत्रात एका दमात अनेक संख्यांवर क्रिया करण्याची सोय असली आणि तयार आज्ञावली जुन्या यंत्रांना सांभाळण्यासाठी ती वापरत नसली, तर घरी संकलन केलेली आज्ञावली पुढे जाते. टेनेसी विद्यापीठात १९९० नंतर तयार झालेली ‘ॲटलास’ ही आज्ञावली तर आपले संकलन होत असताना त्या यंत्रावर नाना प्रयोग करून, सर्वांत वेगवान ठरेल ती रीत निवडीत असे. परंतु काही तयार आज्ञावल्याही आता इतक्या हुशारीने केलेल्या असतात, की त्या अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी वेगवेगळे तुकडे बरोबर बाळगतात. मग घरच्या खटाटोपाने हाती काहीच लागत नाही. दोन्ही चालवून वेळ मोजून पाहणे, हाच तेथे उपाय.

हॉपरबाईंचे लक्ष एव्हाना दुसरीकडे वळले होते. व्यापाऱ्यांना आणि कारकुनांना सूत्रे आवडत नाहीत; त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत यंत्राला आज्ञा देता यावी, असे त्यांना वाटे. १९५५ च्या सुमारास त्यांनी वरिष्ठांपुढे ह्याचे प्रात्यक्षिक केले. इंग्रजी आज्ञा यंत्राने मानल्या. मग गंमत म्हणून त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांत दिल्या. त्याही यंत्राने मानल्या. यंत्राला सर्व भाषा म्हणजे केवळ खुणाच, हे दाखविण्याचा बाईंचा हेतू होता. वरिष्ठ मात्र घाबरून गेले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजावी, हे त्यांना भलतेच वाटले! यंत्राला केवळ इंग्रजीच शिकवू, असे आश्वासन देऊन बाईंना पुढचे काम करावे लागले. त्यातून ‘फ्लोमॅटिक’ ही भाषा निघाली, आणि तिच्या आधारे १९५९-६० मध्ये सरकारी व खाजगी तज्ज्ञांच्या समितीने ‘कोबॉल’ ही भाषा रचली. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबॉल आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. मूळ एक, प्रत्येक यंत्राने आपल्या परीने त्याचे संकलन केले आणि दोन्हीकडे काम बिनबोभाट पार पडले.

१९६६ च्या अखेरीस वयोमानामुळे नौदलाने त्यांना निवृत्त केले. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टात सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलाविले, आणि ते सहा महिने एकोणीस वर्षे लांबले. नौदलातील निरनिराळ्या यंत्रांवरचे कोबॉलचे संकलक एकसारखे वागतात की नाही, हे तपासण्याच्या कसोट्या त्यांनी तयार करविल्या. त्यांच्या कचेरीतील भिंतीवर उलट दिशेने फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले, हे उत्तर त्यांना मुळीच खपत नसे.

व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा जवळजवळ एक फूट लांबीचा असे. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढेच अंतर जाऊ शकते, असे सांगून त्या एकेक तुकडा श्रोत्यांना वाटून देत. मग सुमारे हजार फूट तारेचे भेंडोळे वर उचलून दाखवीत. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे. आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मेजावर असे एक भेंडोळे टांगावे, म्हणजे आपण काय वाया घालवितो ते त्याला कळेल, असे त्या म्हणत. यंत्राच्या वेळापेक्षा माणसाचा वेळ मोलाचा, असे आयुष्यभर सांगणाऱ्या बाईंनी हे म्हणावे, ह्याचे काही जणांना आश्चर्य वाटे.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, बोस्टन बंदरातील ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्या वेळी त्या रिअर ॲडमिरल होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. १९९७ साली सेवेत आलेल्या एका विनाशिकेला नौदलाने ‘हॉपर’ हे नाव दिले. तो चिकटविलेला पतंग आणि तारेचे काही तुकडे वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत.